महाविद्यालयीन संशोधनासाठी माहिती शोधणे आणि पारखणे : हे केव्हा आणि कसे शिकवावे?

धागाकर्ती : संदर्भकक्ष

नमस्कार. मी मध्य मुंबईतील एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आल्यापासून एक प्रश्न माझ्या आणि सहकाऱ्यांच्या मनात सतत आहे. तो येथे सविस्तर मांडते. शिक्षक, विद्यार्थी आणि पालक या सर्वांची मते हवी आहेत.

पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येईल, अशी तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात आहे. म्हणजे विशी-एकविशीतल्या मुलामुलींकडून आता खऱ्या संशोधन प्रकल्पाची अपेक्षा आहे. मात्र माहिती कुठून आणायची, ती विश्वासार्ह आहे की नाही हे कसे ठरवायचे आणि आपल्या लेखनात तिचा उपयोग कसा करायचा, यासाठी वेळापत्रकात बहुधा एकच तास असतो. तो म्हणजे प्रथम वर्षाच्या आरंभी होणारी ग्रंथालयाची ओळख. त्या तासाला आम्ही ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत, पुस्तक कसे शोधावे, देवघेवीच्या वेळा कोणत्या, उशिरा परत केल्यास दंड किती, एवढे सांगतो. मुले ऐकून घेतात आणि विसरतात, कारण त्या दिवशी त्यांच्यापाशी शोधण्यासारखे काहीच नसते.

माझे मत असे आहे की सुरुवात ग्रंथालयापासून न करता एका विधानापासून करावी. सर्वांच्या परिचयाचे एखादे विधान घ्यावे आणि ते पहिल्यांदा कोणी, कधी आणि कशाच्या आधारे केले, तिथपर्यंत मागे मागे जावे. समाजशास्त्राच्या द्वितीय वर्षाच्या वर्गाबरोबर आम्ही हे केले. त्यासाठी निवडलेले विधान प्रकल्पांत हमखास आढळणारे होते : ‘मुंबईची निम्म्याहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत राहते.’ मुलांना ते एका संकेतस्थळावर मिळाले होते. त्या संकेतस्थळाने एका बातमीचा हवाला दिला होता. बातमीत ‘एका अहवालानुसार’ एवढेच म्हटले होते. तो अहवाल शोधून काढल्यावर त्यातील तक्त्याखाली बारीक अक्षरांत ‘जनगणना २००१’ असे लिहिलेले आढळले. त्या जनगणनेत बृहन्मुंबईतील झोपडपट्टीवासीयांचे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. २०११ च्या जनगणनेत ते सुमारे ४२ टक्के आहे. मुलांच्या वहीतले वाक्य एका मोजणीपुरते बरोबर होते. पुढच्या मोजणीचे आकडे येऊनही ते वर्ष गाळून तसेच फिरत राहिले होते.

खरी चर्चा त्यानंतर सुरू झाली. एका मुलीने विचारले, ‘पण मॅडम, झोपडपट्टी म्हणून मोजतात तरी कशाला?’ मग आम्ही जनगणनेची व्याख्या काढली. २०११ च्या जनगणनेने झोपडपट्टीचे तीन प्रकार मानले आहेत : कायद्याने अधिसूचित झालेली, अधिसूचना नसली तरी शासनाने किंवा स्थानिक संस्थेने मान्य केलेली, आणि या दोन्हींत न बसणारी, पण किमान ३०० लोकसंख्येची अथवा ६० ते ७० कुटुंबांची दाटीवाटीची, मूलभूत सोयी नसलेली सलग वस्ती. याचा अर्थ असा की, पुलाखालच्या वीस-पंचवीस अनधिकृत झोपड्या या मोजणीत झोपडपट्टी ठरत नाहीत. व्याख्या वाचताच आकडा कोणी मोजला, कशासाठी मोजला आणि त्यात कोण सुटले, हे प्रश्न मुले आपण होऊन विचारू लागली. २०११ नंतरची जनगणना लांबली असून तिच्या लोकसंख्या गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. तोवर जो कोणी ‘आजचा’ आकडा सांगेल तो अंदाज सांगत असतो, आणि तो अंदाज कोणाचा व कसा काढला, हे विचारणे भाग आहे, हेही त्यांच्या ध्यानात आले.

आपापल्या विषयांत हे कसे करता येईल? ग्रंथपाल आणि विषयशिक्षक यांनी हा तास एकत्र घ्यावा, असे मला वाटते. आपले अनुभव अवश्य लिहावेत.

गिरणगावकन्या

मॅडम, धागा अगदी वेळेवर आला आहे. मी तृतीय वर्ष कला शाखेत असून ‘१९८२ च्या संपानंतर गिरणगावातील महिलांचा रोजगार’ असा विषय घेतला आहे. हाच विषय जसाच्या तसा शोधपेटीत टाकला की हजारो निष्कर्ष येतात. पहिल्या पानावर बहुतेक वेळा त्याच त्याच बातम्या आणि संपाच्या वर्धापनदिनाचे लेख असतात. इंग्रजीत शोधले तर लेखाचा सारांश दिसतो आणि पुढे पैसे मागितले जातात. मराठीत शोधले तर फारसे काही मिळत नाही. विषय सोडून द्यावा की काय, असे वाटू लागले आहे.

कालिना_संशोधक

गिरणगावकन्या, विषय मुळीच सोडू नका. विषय उत्तम आहे, फक्त शोध वेगळ्या रीतीने घ्यावा लागेल.

प्रथम विषयाचे तुकडे पाडा. तुमच्या विषयात चार गोष्टी आहेत : स्थळ, काळ, महिला आणि काम. प्रत्येकासमोर लोक वापरतात ते सर्व शब्द कागदावर लिहा. स्थळासाठी गिरणगाव, परळ, लालबाग, मध्य मुंबई. इंग्रजी साहित्यासाठी मुंबई आणि बॉम्बे ही दोन्ही नावे, कारण शहराचे नाव अधिकृतपणे १९९५ मध्ये बदलले आणि त्यापूर्वीचे बहुतेक सर्व इंग्रजी लेखन बॉम्बे या नावाखाली आहे. कामासाठी गिरणी, कापड उद्योग, घरबसल्या काम, खानावळ, असंघटित क्षेत्र. दोन-तीन शब्दांचे पद असेल तर ते अवतरणचिन्हांत ठेवा, म्हणजे ते सलग शोधले जाते. समानार्थी शब्दांमध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांतला ‘ऑर’ (OR) घाला. एका शोधात सगळे कोंबू नका. दोन-तीन तुकडे वेगवेगळ्या जोड्यांनी शोधा आणि कोणत्या जोडीतून काय मिळाले, हे तारखेसह लिहून ठेवा.

मराठीत कमी मिळते याचे एक कारण तांत्रिक आहे. युनिकोडपूर्व काळातील फॉण्टमध्ये टंकलेले किंवा पानांची छायाचित्रे काढून ठेवलेले मराठी मजकूर शोधयंत्राला वाचता येत नाहीत. ते महाजालावर असतात, पण शब्दाने सापडत नाहीत. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ बदलले की निष्कर्ष बदलतात. इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या ‘शोधगंगा’ या प्रबंधसंग्रहातही मराठी प्रबंधांची शीर्षके कधी देवनागरीत, तर कधी रोमन लिपीत नोंदलेली असतात. म्हणून तिथे दोन्ही प्रकारे शोधावे. तुमच्या विषयाला जवळचा एक चांगला प्रबंध मिळाला की त्याची शेवटची संदर्भसूची वाचा. कोणीतरी काही वर्षे खपून केलेला शोध तिथे तयार असतो. गुगल स्कॉलरवर लेखाखाली ‘सायटेड बाय’ हा दुवा असतो, त्यावरून त्या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला हे कळते. सूचीतून मागे आणि या दुव्यावरून पुढे, असे दोन्ही दिशांना जाता येते.

पैसे मागणाऱ्या लेखांबाबत : केंद्र शासनाच्या ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्चशिक्षण संस्थांना १ जानेवारी २०२५ पासून उपलब्ध झाली आहेत. तुमचे महाविद्यालय त्यात नसेल, तर ते इन्फ्लिबनेटच्या ‘एन-लिस्ट’ या महाविद्यालयांना ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके पुरवणाऱ्या योजनेचे सभासद आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. महाविद्यालय सभासद असले, तरी आपल्यालाही त्याचे लॉगिन मिळू शकते हे अनेक विद्यार्थ्यांना ठाऊकच नसते.

आणखी एक सूचना करतो. तुमच्या शीर्षकात असे गृहीत आहे की संपामुळे महिलांचा गिरण्यांतील रोजगार गेला. प्रत्यक्षात गिरण्यांतील महिला कामगारांचे प्रमाण संपाच्या कितीतरी दशके आधीपासून घटत आले होते. गिरणगावातील पुष्कळ बायका गिरणीबाहेर राबत होत्या. कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खानावळवाल्या बायकांची प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये उभी केलेली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ ही संघटना हे त्याचे ठळक उदाहरण आहे. गिरण्या थांबल्यावर जेवणारा कामगारच राहिला नाही, तेव्हा या बायकांचे काय झाले, असा प्रश्न विचारला तर तुमचा शोध एकदम नेमका होईल.

निवृत्त_ग्रंथपाल

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. त्यात छापील साधनांची भर घालतो, कारण या विषयातील बरेचसे साहित्य पडद्यावर नाही.

१८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा दादर पूर्वेचा संदर्भ विभाग मराठी नियतकालिकांसाठी पाहावा. काळा घोडा येथे एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. जुन्या काळातील सरकारी कागदपत्रे आणि देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे सरकारने करवून घेतलेले साप्ताहिक इंग्रजी गोषवारे तिथे पाहता येतात. १९८२ साठी त्यांचा उपयोग नाही, पण गिरणगावच्या आरंभीच्या काळासाठी मोठा आहे. अशा ठिकाणी जाताना महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि प्राचार्यांचे किंवा मार्गदर्शकांचे पत्र जवळ असावे. ‘गिरण्यांवर काही आहे का?’ असे विचारू नये. वर्ष, नियतकालिकाचे नाव आणि विषय सांगितला की तिथला कर्मचारी मनापासून मदत करतो, हा माझा दीर्घ अनुभव आहे.

धागाकर्तीच्या मूळ मुद्द्यावर एवढेच म्हणेन : डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. आमच्या पिढीतील अनेकांनी त्याचा अर्थ ‘मागितलेले पुस्तक झटपट काढून द्या’ एवढाच घेतला. विद्यार्थ्याला शोधायला शिकवले तर त्याचा पुढचा सगळा वेळ वाचतो, म्हणून हा तास ग्रंथपालाच्या कामाचाच भाग आहे असे मी मानतो.

मुलुंडकर

मी अभियंता आहे आणि माझी मुलगी प्रथम वर्षाला आहे. सर्व प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले. एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारतो. आता चॅटजीपीटीसारख्या साधनांना प्रश्न विचारला की उत्तर, सारांश आणि संदर्भ असे तिन्ही काही क्षणांत मिळते. ही साधने दिवसेंदिवस सुधारत आहेत. मग शब्दांच्या याद्या, जुन्या सूच्या आणि दादरच्या खेपा यांवर मुलांची शक्ती खर्च करावी का? ती शक्ती विचार करण्यावर लावणे अधिक योग्य नाही का?

संदर्भकक्ष

मुलुंडकर, प्रश्न रास्त आहे आणि हल्ली तो प्रत्येक पालक विचारतो. या साधनांना माझा विरोध नाही. विषयाचे तुकडे पाडणे, समानार्थी शब्द सुचवणे, कठीण परिच्छेद समजावून घेणे यासाठी ती उपयोगी पडतात आणि मी मुलांना तसे सांगते. अडचण संदर्भांची आहे. लेखकाचे नाव, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, पृष्ठे असे सगळे व्यवस्थित असलेले, पण अस्तित्वातच नसलेले संदर्भ ही साधने देऊ शकतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दोन वकिलांनी असेच, कधी न झालेल्या खटल्यांचे दाखले सादर केले आणि न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. ते शिकलेसवरलेले व्यावसायिक होते. आमच्या काउंटरवरही कागदावर असा संदर्भ लिहून घेऊन मुले येतात. नियतकालिक खरे असते, त्या वर्षाचा अंकही आमच्याकडे असतो, पण सांगितलेल्या पानांवर भलत्याच विषयाचा लेख असतो.

म्हणून प्रत्येक संदर्भाला दोन प्रश्न विचारायला आम्ही शिकवतो. हा लेख खरोखर आहे का? आणि असेल तर त्यात हे म्हटले आहे का? पहिल्याचे उत्तर डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी ओळख क्रमांक), नियतकालिकाचा अंक किंवा ग्रंथालयाची सूची पाहून पटकन मिळते. दुसऱ्यासाठी लेख उघडून वाचावाच लागतो. आपण ज्याला विचार करणे म्हणता, ते मला तरी या दुसऱ्या प्रश्नातच दिसते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांचा अभ्यास येथे सांगण्यासारखा आहे. त्यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ पदवी विद्यार्थी यांना संकेतस्थळे पारखायला दिली. विद्यार्थी आणि कित्येक इतिहासकारही त्याच पानावर रेंगाळले आणि त्याची मांडणी, बोधचिन्ह, भाषा यांवरून मत बनवत राहिले. तथ्यतपासनीस मात्र ते पान जवळपास लगेच सोडून नव्या खिडक्या उघडत आणि ही संस्था कोणाची, तिला पैसा कोण देते, इतर तिच्याविषयी काय म्हणतात, हे आधी पाहत. कमी वेळात त्यांचेच निष्कर्ष अधिक बरोबर निघाले. ही सवय प्रथम वर्षाच्या मुलांनाही लवकर लागते.

रसायनवर्ग

विज्ञान शाखेच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे विधान पारखण्याइतकेच नियतकालिक पारखणे महत्त्वाचे झाले आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ‘आठवड्याभरात लेख प्रसिद्ध करून देऊ’ अशी शुल्क मागणारी पत्रे येत असतात आणि ‘आयएसएसएन आहे’ हे त्यांचे मोठे प्रमाणपत्र असते. आयएसएसएन हा केवळ ओळख क्रमांक आहे. त्याचा दर्जाशी काहीही संबंध नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता संस्थांवर आणि संशोधकांवर आली आहे. त्यामुळे यादीत नाव आहे का, एवढे पाहून थांबण्याची सोय उरलेली नाही. संपादक मंडळातील व्यक्ती त्या विषयातल्या आहेत का, त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर या नियतकालिकाचा उल्लेख आहे का, जुन्या अंकांतील लेख वाचण्याजोगे आहेत का, हे मुलांनी स्वतः पाहावे.

दुसरी बाब मागे घेतलेल्या लेखांची. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवर आधारलेला लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९९८ मध्ये आला आणि २०१० मध्ये तो पूर्णपणे मागे घेतला गेला. मधल्या १२ वर्षांत आणि त्यानंतरही त्याचे दाखले दिले गेले. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर मागे घेतल्याची खूण दिसते. पण कोणी आधी उतरवून ठेवलेली पीडीएफ वर्गाच्या गटावर फिरत असेल तर तिच्यावर ती खूण नसते. म्हणून पीडीएफ कुठूनही मिळो, उद्धृत करण्यापूर्वी प्रकाशकाचे मूळ पान एकदा उघडावे, असा आमच्या प्रयोगशाळेत नियम आहे.

जुना_बातमीदार

आकड्यांविषयी थोडे. २६ जुलै २००५ च्या प्रलयावर प्रकल्प करणारे विद्यार्थी मला अधूनमधून भेटतात. ‘मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला’ हे वाक्य प्रत्येकाकडे असते. ती सांताक्रूझ वेधशाळेची २४ तासांची नोंद आहे. त्याच अवधीत कुलाबा वेधशाळेत सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दोन्ही वेधशाळा मुंबईतच आहेत. आपत्ती व्यवस्थापन असो की नालेसफाई, त्या विषयावर लिहिताना हा फरक गाळला तर निष्कर्षच बदलतो. बातमी लिहिताना आम्हाला जागा कमी असते, संशोधकाला ती अडचण नाही. त्याने हवामान विभागाच्या नोंदीपर्यंत आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीच्या अहवालापर्यंत जायलाच हवे.

महापालिकेची किंवा शासनाची माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकार आहे. १० रुपये शुल्क असते आणि उत्तरासाठी साधारण ३० दिवसांची मुदत. मात्र त्याआधी संबंधित विभागाने कलम ४ खाली स्वतःहून काय प्रसिद्ध केले आहे, ते पाहावे. प्रकल्प सादर करण्याच्या महिन्यात अर्ज करून उपयोग नाही, सत्राच्या सुरुवातीलाच करावा.

कालिना_संशोधक

उचलेगिरीचा विषय अजून कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, १० ते ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सुधारित लेखन पुन्हा सादर करावे लागते आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास संशोधकाची नोंदणी रद्द होऊ शकते. विद्यार्थी यातून ‘१० टक्के चालते’ एवढेच घेतात आणि शब्द इकडेतिकडे करून टक्का खाली आणण्याच्या मागे लागतात. संगणक शब्दांचे साम्य मोजतो, विचारांची चोरी मोजत नाही. इंग्रजी लेखातील परिच्छेद मराठीत उतरवून नाव न देता वापरला तर बहुतेक अहवालांत टक्का वाढणार नाही, तरीही ती चोरीच आहे. मराठीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवे, कारण आपल्याकडे भाषांतर म्हणजे स्वतःचे लेखन असा समज खोलवर रुजला आहे.

टिपण काढतानाच काळजी घेतली तर पुढचा घोळ टळतो. मूळ शब्द अवतरणचिन्हांत, आपल्या शब्दांतला आशय त्याखाली, आपले मत वेगळ्या शाईने आणि शेजारी पृष्ठक्रमांक. संगणकावर काम करणाऱ्यांनी झोटेरो हे मोफत साधन वापरावे. संदर्भसूची ते तयार करते, पण त्यात आपोआप भरलेली नावे आणि वर्षे तपासून घ्यावीत, विशेषतः मराठी लेखकांची.

मुलुंडकर

संदर्भकक्ष आणि इतर सर्वांचे आभार. दोन प्रश्नांची रीत मला पटली. मुलीने काल एका साधनाकडून घेतलेले सहा संदर्भ आम्ही दोघांनी बसून तपासले. त्यांतले दोन कुठेच सापडले नाहीत. एक सापडला, पण तो नेमके उलटे म्हणतो. आता पुढचा प्रश्न असा की, ज्या महाविद्यालयात ग्रंथपालाचे पदच रिक्त आहे, तिथल्या मुलांनी हा तास कोणाकडून घ्यावा?

संदर्भकक्ष

पद रिक्त असणे ही फार मोठी अडचण आहे आणि तिच्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तोवर विषयशिक्षकांना हा तास घेता येईल, आणि त्यासाठी लागणारे साहित्य आपण येथेच तयार करू शकतो. आमच्याकडे पुढील सत्रात प्रथम वर्षाच्या प्रत्येक तुकडीला एकेक विधान देण्याचे ठरले आहे. विद्यार्थी ते विधान कुठे वाचले, त्यामागचा संदर्भ कोणता, मूळ नोंद काय सांगते आणि वाटेत काय गळाले, एवढे दोन पानांत लिहून देतील. त्याला अंतर्गत मूल्यमापनात गुण असतील. समाजशास्त्राच्या तुकडीसाठी झोपडपट्टीचे विधान आहे, आणि भूगोलासाठी जुना_बातमीदार यांनी दिलेले पावसाचे विधान त्यांची अनुमती गृहीत धरून घेते. वाणिज्य आणि विज्ञान शाखांसाठी विधाने हवी आहेत. ज्यांना सुचतील त्यांनी विधान, ते कुठे वाचले आणि कोणत्या वर्षी, असे तिन्ही येथे लिहावे.

गिरणगावकन्या, आपल्या महाविद्यालयाच्या एन-लिस्ट लॉगिनबद्दल ग्रंथपालांनी काय सांगितले, तेही कळवा. अडचण आल्यास मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

गिरणगावकन्या

मॅडम, लॉगिन मिळाले. विषयाचे शीर्षक मार्गदर्शकांशी बोलून ‘गिरणगावातील खानावळी आणि १९८२ चा संप’ असे केले आहे. शनिवारी दादरला संदर्भ विभागात जाणार आहे. मार्गदर्शकांचे पत्र घेतले आहे आणि १९८१ ते १९८४ या वर्षांतील पाहायच्या नियतकालिकांची यादी केली आहे. यादी उद्या येथे देते. तिच्यात काही राहून गेले असेल तर कृपया सांगावे.